मेंढरू नसलेला कळप

कोळेकर सर वारले तेव्हा आमच्या संस्थेच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर अर्धं पान आलं. त्यात त्यांना मनमिळाऊ, हसतमुख आणि विद्यार्थिप्रिय अशी विशेषणं बहाल केलेली होती. मी ते वाचलं, अंक उलटा करून ओट्यावर पसरला आणि त्यावर मेथी निवडली. लिहिणाऱ्यानं एक तर कोळेकर सरांना कधी पाहिलं नसावं, नाही तर आधीच्या अंकातल्या कुणाच्या तरी श्रद्धांजलीत नुसतं नाव बदललं असावं. आमच्या संस्थेत दोन्ही शक्य होतं.

धुळाजी कोळेकर हे माणूस म्हणून अजिबात मनमिळाऊ नव्हते. त्यांचं मन कुणाशी मिळालं असेल तर त्याची खबर त्या माणसालासुद्धा लागली नसेल. लासुर्ण्याच्या अलीकडं, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून आमची शाळा होती. तिथं ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. मी जळोचीहून सकाळच्या एसटीनं यायचे. फाटकातून आत शिरलं की समोर कोळेकर सर असायचे, पायरीवर उभे, अंगात एकच खाकी रंगाचा हाफ शर्ट, तोंड आंबलेलं ताक प्यायल्यासारखं. नमस्कार केला तर मान हलायची. नाही केला तर तीच मान तितकीच हलायची.

पाचवीच्या पोरांना निसर्गचित्र काढा म्हटलं की महाराष्ट्रातली सगळी पोरं एकच चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड. कोळेकर सरांना हे चित्र म्हणजे वैयक्तिक अपमान वाटायचा. एकदा मी शेजारच्या वर्गात होते आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

"हे कुठलं गाव रं?"

"आमचं, सर."

"तुझ्या गावात डोंगर हाय?"

"न्हाय, सर."

"नारळ हाय?"

"न्हाय."

"मंग हे गाव कुणाचं उचलून आणलंस? जा, दारात हुबा राहा आन दिसतंय ते काढ."

पोरगं दारातूनच म्हणालं, "सर, नुसता ऊस दिसतोय."

"मंग ऊस काढ. पर वारं कुठनं येतंय, ते मला चित्रात कळलं पायजे."

त्या वर्गाला त्या दिवशी उसाखेरीज काही सुचलं नाही आणि एकाच्याही उसात वारं शिरलं नाही. सरांनी सगळ्यांना नापासाचे गुण दिले. पालक तक्रार घेऊन आले तेव्हा मुख्याध्यापक रणवऱ्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हात चोळले आणि चहा मागवला. रणवरे सर रोज फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार लिहायचे, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात. कोळेकर सर तो वाचायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "सर, येका रंगात मावत न्हाय व्हय हा इचार?"

माझ्या वाट्यालाही आलंच. मी काळ्या फळ्यावर समद्विभुज त्रिकोण काढून, कोनांना नावं देऊन तास संपवला होता. पुढचा तास त्यांचा. ते आत आले, फळ्यापुढं थांबले आणि मला जाऊ देईनात.

"बाई, ह्यो त्रिकोण आजारी हाय का?"

"का? काय झालं त्याला?"

"बूड टेकून बसलाय. मगाधरनं बघतोय, हलंना."

"त्रिकोण हलत नसतात, कोळेकर सर. म्हणूनच त्यांच्याबद्दल काही सिद्ध करता येतं."

त्यांनी माझ्या हातातला लाकडी गुण्या घेतला आणि माझ्या त्रिकोणाशेजारी दुसरा काढला, तेवढाच, पण एका टोकावर उभा आणि जरासा कललेला. मग बाजूला झाले. "आता बगा. ह्यो पडंल का काय, आसं वाटतं का न्हाय?"

वाटलं, हे खरं आहे. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण तीस-चाळीस पोरं बघत होती आणि त्यांनाही वाटलेलं दिसत होतं. मी दोन्ही त्रिकोण पुसून टाकले. गुण्या त्यांनी परत दिला नाही. मी मागितला तेव्हा म्हणाले, "तुमाला बसलेल्या त्रिकोणाला गुण्या कशापायी लागतो?" शेवटी मी नवीन घेतला.

त्यांच्या आज्याची, बापाची मेंढरं होती. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन बाहेर पडायचं, रानातल्या तळावर, वाड्यावर राहायचं, असं घराणं. बापानं धरणाच्या पाण्यावर जमीन केली आणि मेंढरं मोडली. आई तेवढी अजून चार-पाच मेंढरं बाळगून होती. धुळाजी पुण्याला जाऊन चित्रकलेचा डिप्लोमा करून आले. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हमखास म्हणायचं, "काठी सोडून ब्रश धरला की सरांनी." असल्या विनोदावर हसणारे आमच्याकडं कधी कमी नव्हते. कोळेकर सर त्यावर चिडायचे नाहीत. भाकरीवरचा ठेचा संपवायचे आणि म्हणायचे, "तुमी कळप बघितलाय का कवा? चालता? त्यात मेंढरू दिसत न्हाय. नुसतं चालणं दिसतं." एवढं बोलून डबा धुवायला जायचे. हसणाऱ्यांना त्यातलं काही कळायचं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा रस्त्याच्या कडेनं लांबलचक कुंपणभिंत बांधून झाली. भिंतीला ठरावीक अंतरावर बाहेर आलेले खांब होते आणि शेवटी, इंदापूरच्या बाजूला, फाटक. आता या भिंतीवर काय काढायचं, यासाठी समिती बसली. संस्थेचे अध्यक्ष तात्या, म्हणजे भागातले मोठे ऊस बागायतदार, खुर्चीत रेलून म्हणाले, "सरस्वती पायजे. थोर पुरुष पायजेत. आन दोन खांबांच्या मधी आपला बैल घ्या, परदर्शनात नंबर आलेला." रणवऱ्यांनी सुचवलं की प्रत्येक चौकटीत एक सुविचार घ्यावा. कुणाला दूध डेअरीसारखी गाय हवी होती. पुण्याहून पेंटर आणायचा तर खर्च, म्हणून अखेर काम घरच्याच माणसावर आलं.

कोळेकर सर म्हणाले, "काढतो. पर मधी कुणी बोलायचं न्हाय."

"काय काढणार?" तात्यांनी विचारलं.

"कळप."

तात्यांना वाटलं, ठीक आहे, आपल्या भागातलं आहे, पाहुण्यांना आवडेल. त्यांनी मान डोलावली. शाळेच्या इतिहासात विचार न करता घेतलेला हा एकमेव बरा निर्णय असेल.

पुढं महिना-दीड महिना कोळेकर सर भिंतीपाशीच होते. चुना, तांबडी काव, काजळी, बस्स. पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत त्यांनी त्रिकोणांची एक रांग काढली, लहानमोठे, एकमेकांत घुसलेले, पाठीवर पाठ टाकल्यासारखे. दुसऱ्या चौकटीत तीच रांग, पण प्रत्येक त्रिकोण थोडासा पुढं झुकलेला. तिसऱ्या चौकटीत आणखी झुकलेला, चौथीत पुन्हा सरळ होऊ लागलेला. खाली तिरप्या पट्ट्या, कुठं दाट, कुठं विरळ. जाणारायेणारा थांबून बघायचा आणि विचारायचा, "मास्तर, रंगाआधीचं अस्तर चाललंय का?" मास्तर पुढची पट्टी ओढायला घ्यायचे.

रविवारी ते एसटीत बसायचे. लासुर्ण्याला चढायचं, भिंत ओलांडायची, पुढच्या थांब्याला उतरायचं, उलट गाडी पकडायची. पुन्हा तेच. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "मास्तर, तुमाला जायचं कुठं हाय ते तरी येकदा सांगा." एखाद्या फेरीनंतर सर मध्येच उतरून भिंतीकडं जायचे, एखादी रेघ पत्र्यानं खरवडून काढायचे आणि बोटभर अलीकडं नवी ओढायचे. गावात बातमी पसरली की चित्रकलेच्या मास्तरांचं डोकं फिरलंय. रणवरे सरांनी ती बातमी मला काळजीच्या सुरात सांगितली आणि सांगताना त्यांना फार बरं वाटलं.

अशाच एका रविवारी मी बाजार करून बारामतीहून लासुर्ण्याकडं मावशीकडं निघाले होते. पुढच्या बाकावर कोळेकर सर आणि त्यांची आई. म्हातारीला खिडकीशी बसवलेलं. भिंत आली. गाडी वेगात होती. पहिला खांब गेला, दुसरा गेला, आणि त्या त्रिकोणांनी एकदम अंग हलवलं. पाठी वरखाली होऊ लागल्या, पाय पडू लागले, मागचं पुढं रेटू लागलं. एकही मेंढरू नव्हतं आणि कळप चालला होता. माझ्या हातातली पिशवी सुटली आणि बटाटे बाकाखाली गेले. ज्या आकृत्यांबद्दल मी वर्षानुवर्षं 'सिद्ध करा' म्हणत आले त्या माझ्या डोळ्यांदेखत निघून चालल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी तो त्यांना सांगणार होते, पण तेवढ्यात म्हातारी बोलली.

"पाणी पिऊन निगाल्यात," ती म्हणाली.

"व्हय," सर म्हणाले. त्यांचं तोंड हसल्यासारखं झालं होतं. मी ते तेवढंच पाहिलं, आणि अंकातल्या 'हसतमुख' या शब्दाला आधार असलाच तर एवढाच आहे.

उद्घाटनाला मांडव नेमका भिंतीसमोर घातला, रस्त्याच्या पलीकडं. पाहुणे म्हणून जिल्ह्याचं कुणीतरी मोठं धेंड आलं होतं. नारळ फुटला, पडदा बाजूला झाला आणि खुर्च्यांवर बसलेली सगळी मंडळी भिंतीकडं बघू लागली. बसून बघितलं तर ती भिंत म्हणजे मळक्या रंगाचे त्रिकोण होते, दुसरं काही नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुणे पुढं झाले, चष्मा पुसला आणि आपुलकीनं म्हणाले, "छान. अस्तर अगदी छान झालंय. चित्र कधी काढणार?"

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोळेकर सर मांडवाच्या कडेला उभे होते, तिथूनच म्हणाले, "साहेब, हे बसून बघायचं न्हाय. गाडीत बसा आन बारामतीकडनं जोरात या."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी हला. मंग ते हलतंय."

पाहुण्यांना आयुष्यात कुणी हला म्हटलं नसावं. ते हसले, फोटोसाठी हसतात तसे खोटे, आणि भाषणाला उभे राहिले. निघताना त्यांची गाडी भिंतीसमोरूनच गेली. जोरातच गेली. आत खिडकीचा पडदा ओढलेला होता.

त्याच संध्याकाळी तात्यांनी रणवऱ्यांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, "कोळेकर, दिवाळीच्या आत ती भिंत पुसायची. सरस्वती काढायची. जमत न्हाय तर तसं सांगा, पेंटर आणतो."

"तात्या, येकदा गाडीतनं बघा."

"मी रोज त्याच रस्त्यानं जातो, मला काय बघायचं शिकवताय?"

रोज जायचे हे खरं, पण जीपमध्ये पेपर वाचत जायचे. दिवाळी जवळ येत चालली आणि कोळेकर सर काही करीनात. मी एकदा विचारलं, पुसणार का? ते म्हणाले, "पुसायचं आसंल तर ज्यानं बघितलंय त्यानं सांगावं. न बघणाऱ्याचं मी ऐकत न्हाय." मला तेव्हा हा नुसता तोरा वाटला.

मग एक दिवस तात्यांचा ड्रायव्हर शाळेत हसत आला. पेपर वाऱ्यानं उडून तात्या खिडकीबाहेर बघत होते म्हणे, आणि एकदम ओरडले, "आरं थांब, मेंढरं आडवी येत्याल." ड्रायव्हरनं ब्रेक मारला. रस्ता मोकळा. तात्यांनी भिंतीकडं बघितलं, ड्रायव्हरकडं बघितलं, आणि जीप मागं घ्यायला लावली. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. सरस्वतीचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही. चूक झाली असं म्हणण्याइतके तात्या मोठे नव्हते. उलट पुढच्या सभेत त्यांनी सांगितलं की ही कल्पना मुळात समितीची.

वर्ष-दोन वर्षांत भिंतीचं नाव झालं. बायका एसटीत भिंतीच्या बाजूची जागा धरू लागल्या. कंडक्टर थांब्याचं नाव सोडून "मेंढरं, मेंढरंवाले उतरा" म्हणू लागले. रणवऱ्यांनी भाषणात 'माउलींनंतर भिंत चालवली ती आमच्या सरांनी' असा विनोद केला आणि तो पुढं प्रत्येक कार्यक्रमात केला. कोळेकर सर मात्र होते तसेच. "मेंढरं म्हंत्यात," ते तुच्छतेनं म्हणायचे, "येक तरी मेंढरू काढलंय का मी?"

आणि मग लोकांनी आपल्या अकलेप्रमाणे त्यात भर घातली. गाडी जितकी जोरात तितका कळप जोरात पळतो, हे वडापच्या, म्हणजे रस्त्यावरचे उतारू भरून नेणाऱ्या जीपवाल्यांच्या ध्यानात आलं. उतारू सांगायचे, "मेंढरं पळवा की जरा." मग शाळेची भिंत सुरू झाली की जीपवाले पाय दाबायचे. रिकामे ट्रॅक्टरसुद्धा ट्रॉल्या आदळत तिथं पळायचे. फाटकातून पोरं बाहेर पडतात तिथंच. आम्ही रस्त्याच्या खात्याकडं गतिरोधक मागितला, त्यांनी बघतो म्हटलं. रणवऱ्यांनी 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी लावली. कोळेकर सर पाटीखाली उभं राहून म्हणाले, "सर, ही वाचायला आदी सावकाश जावं लागतंय."

सातवीतली सुवर्णा शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत होती. जीप इंदापूरकडं निघालेली, ड्रायव्हरसुद्धा भिंतीकडं बघत होता. पोरगी वाचली. पाय मांडीपासून मोडला, तो पुढं सरळ झाला नाही. जीपवाला रडत होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मी मेंढरं बघत हुतो, मी मेंढरं बघत हुतो."

शाळेत बैठक झाली. भिंत पुसावी असं मी म्हटलं, आणि तात्या उसळले. "भिंतीचा काय दोष? जीपवाला आंधळा. ती भिंत गावाची शान हाय, लांबनं लोक बघाय येत्यात." रणवरे सर म्हणाले, आणखी एक मोठी पाटी लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी ती पुसायला सांगितली होती तेच आता ती राखायला बसले होते, आणि दोन्ही वेळेला त्यांना ना भिंत दिसत होती ना पोर. मला त्या खोलीतल्या एकूण एक माणसाची किळस आली.

बैठक सुटल्यावर व्हरांड्यात मी कोळेकर सरांना गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी काही बोला, भिंत तुमची आहे.

"सगळ्या जन्मात येकच चित्र चाललं, बाई, माजं," ते म्हणाले. "ते पोरीच्या पायावरनं गेलं." आणि खाली मान घालून फाटकाकडं गेले. त्यानंतर ते रजेवर गेले, रजेवरूनच त्यांनी संस्थेच्या डाळजच्या शाळेत बदली मागून घेतली आणि तिथूनच निवृत्त झाले. तिथं म्हणे त्यांनी कधी फळ्याखेरीज कशावर रेघ ओढली नाही.

मला ते शेवटचे दिसले ते त्या बैठकीनंतरच्या रविवारी. मी जलद गाडीनं इंदापूरला निघाले होते. ती आमच्या शाळेला थांबत नाही. उतारूंनी सवयीनं माना भिंतीकडं वळवल्या आणि ड्रायव्हरनं सवयीनं पाय दाबला. कळप निघाला, पाठीला पाठ लावून, पूर्वीसारखाच जिवंत. निम्मी भिंत तो पळाला आणि पुढं चुन्यात शिरून नाहीसा झाला. फाटकापासून अलीकडं सगळं पांढरं होतं.

"आरं, मेंढरं कुठं गेली?" मागून कुणीतरी म्हणालं. "कुण्या येड्यानं पुसली रं?"

शिडीवर कोळेकर सर होते, एकटे, कोपरापर्यंत चुन्यानं माखलेले. कुणाची परवानगी त्यांनी घेतली नव्हती. बघायला काही उरलं नाही तसा ड्रायव्हरचा पाय सैल झाला आणि फाटकासमोरून गाडी अगदी हळू गेली. तेव्हा मात्र सरांनी मान वळवून तिच्या चाकांकडं नीट बघितलं, आणि कुंचला पुन्हा बादलीत बुडवला.